देश एक, सरकारं अनेक: स्वायत्त प्रदेश चालतात तरी कसे?

बेळगावच्या कॅम्पात रस्त्यावर खड्डा पडला तर तक्रार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जाते. कॅम्पाची हद्द संपून टिळकवाडी लागली की तसलाच खड्डा महापालिकेचा होतो, आणि शहराबाहेर येळ्ळूरला गेलं की ग्रामपंचायतीचा. तिन्ही मंडळं स्थानिकच. पण कॅन्टोन्मेंट बोर्ड चालतं संसदेच्या २००६ च्या कायद्यावर आणि त्याच्या डोक्यावर बसलंय दिल्लीचं संरक्षण मंत्रालय. महापालिका कर्नाटकच्या १९७६ च्या कायद्यावर उभी आहे, ग्रामपंचायत १९९३ च्या. या दोघींना घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीचाही थोडा टेकू आहे.

कुठल्याही प्रादेशिक सरकारकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: याला सत्ता दिली कुणी, आणि ती परत घ्यायची झाली तर कोण घेऊ शकतं? विषयांची यादी किती लांब आहे, इमारत किती मोठी आहे, अध्यक्षाच्या गाडीवर दिवा आहे की नाही, हे सगळं नंतर.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात आपण जवळजवळ सत्तर वर्षं एकाच प्रश्नावर बोलतोय: हा भाग कोणत्या राज्यात असावा? महाराष्ट्राने २००४ साली घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या दाव्यात कोण बरोबर, याचा निवाडा मी इथे करणार नाही. त्या प्रश्नाच्या आड कायम झाकला गेलेला दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. राज्य कुठलंही असो, आपल्या शाळेचं, जमिनीच्या कागदाचं, गावच्या कारभाराचं आपण स्वतः किती ठरवू शकतो, आणि ते ठरवण्याची ताकद किती पक्की आहे? जगात या प्रश्नावर शंभर वर्षांचा अनुभव साठलेला आहे. त्यातला बराच आपल्यासारख्याच सीमेवरच्या, दोन भाषांच्या मुलखांतला आहे.

आधी आपल्या घरची मांडणी

देशात सत्ता वाटण्याच्या ढोबळ दोन तऱ्हा आहेत. एकीत सगळा देशच राज्यांमध्ये वाटलेला असतो आणि प्रत्येक राज्याला साधारण सारखेच अधिकार असतात. याला संघराज्य म्हणतात. दुसरीत देश मुळात एकसंध असतो, पण एखाद्या बेटाला, डोंगराळ पट्ट्याला किंवा वेगळ्या भाषेच्या प्रांताला वेगळी व्यवस्था दिलेली असते. ती स्वायत्तता. भारतात या दोन्ही तऱ्हा एकात एक गुंतलेल्या आहेत.

सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याचा व्यवहार घ्या. स्टेशनवरची रेल्वे केंद्राची. जमिनीचा उतारा, म्हणजे पहाणी, राज्याचा. म्हणून ती कन्नडमध्ये निघते. मुलांची शाळा १९७६ पर्यंत राज्याच्या सूचीत होती. त्या वर्षीच्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण आणि जंगल हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत गेले, त्यामुळे भीमगडच्या जंगलाबाबतही दिल्ली आणि बेंगळुरू दोघांचा शब्द चालतो. म्हादईचं पाणी आणखीच वेगळं. पाणी हा राज्याचा विषय, पण नदी दोन राज्यांतून वाहू लागली की केंद्राला मध्ये पडता येतं. कणकुंबीच्या कळसा नाल्याचं किती पाणी वळवायचं हे कर्नाटक किंवा गोवा एकट्याने ठरवू शकलं नाही. लवाद नेमावा लागला आणि त्याने २०१८ साली कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी दिलं.

पैशाचंही तसंच. जीएसटी २०१७ ला आला आणि राज्यांचे बरेचसे कर एका सामाईक व्यवस्थेत गेले. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र बाहेर राहिली. राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे पंपावरचे भाव वेगळे दिसतात त्याचं कारण हे. राज्याच्या हातात उरलेल्या आर्थिक सत्तेचं इतकं रोजचं, डोळ्यांना दिसणारं उदाहरण दुसरं नाही.

आता कुलपाची, म्हणजे दिलेली सत्ता परत काढून घेणं किती अवघड आहे याची गोष्ट. राज्यांना इतके विषय दिले, पण राज्य स्वतः किती पक्कं? कलम ३ सांगतं की राज्याची हद्द, नाव, अगदी राज्याचं अस्तित्वसुद्धा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. विधेयक आणायला राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं. ते मत मानण्याचं बंधन नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो संसदेच्या कायद्याने. मग १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवायची आणि काही गावांची दोन्ही बाजूंनी अदलाबदल करायची ती शिफारस महाराष्ट्राने नाकारली. आयोगाचा अहवाल सल्ला असतो. कायदा करणार संसदच. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचं रूपांतर दोन केंद्रशासित प्रदेशांत झालं, तेव्हा तिथली विधानसभा अस्तित्वातच नव्हती. कुठल्याही बाजूचे असा, एवढं मात्र ओळखून असावं: भारतातल्या राज्याची स्वायत्तता कारभाराबाबत भक्कम आहे, हद्दीबाबत नाही.

राज्याच्या खाली उतरलं की कुलूप आणखी सैल होतं. बेळगाव महापालिकेने २००५ साली महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. त्या ठरावाबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण मतदारांनी निवडलेलं मंडळ राज्य सरकारच्या एका आदेशाने घरी जाऊ शकतं, हा स्थानिक स्वायत्ततेबद्दलचा धडा भाषेपलीकडचा आहे. हेच हत्यार उद्या हुबळीवर किंवा कोल्हापूरवरही चालू शकतं.

आणि बरखास्त करायचीही गरज पडत नाही. निवडणूकच घेतली नाही की झालं. एके काळी अख्खा देश ज्याच्याकडे बोट दाखवायचा त्या कर्नाटकात हे घडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारात अब्दुल नझीर साब पंचायत राज मंत्री होते. बोअरवेलच्या कामामुळे लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणायचे. त्यांनी आणलेल्या कायद्याने १९८७ मध्ये जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला, जिल्ह्याचे अधिकारी त्याच्या हाताखाली आले. देशाची ७३ वी घटनादुरुस्ती त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आली. त्याच राज्यात जिल्हा पंचायती आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूक झाली नाही. वॉर्डरचना, आरक्षण, न्यायालय यांत गाडं अडलं आणि कारभार प्रशासकांकडे गेला. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४८ लाख होती. एवढ्या लोकांचं जिल्हा पातळीवरचं सभागृह रिकामं.

भारतातली खरी ‘स्वायत्त’ मंडळं

स्वायत्त हा शब्द घटनेत जिथे नेमका येतो ती जागा म्हणजे सहावी अनुसूची. ती आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या चार राज्यांतल्या आदिवासी मुलखांसाठी आहे. तिच्याखाली दहा स्वायत्त परिषदा आहेत. नेहमीच्या परिषदेत जास्तीत जास्त ३० सदस्य, त्यांतले चारपर्यंत राज्यपालांनी नेमलेले. बोडोलँडची परिषद २००३ च्या करारातून आली आणि ती मोठी, ४६ जणांची आहे.

या परिषदा कायदे करतात. हीच त्यांची आणि जिल्हा पंचायतीची मोठी तफावत. जमिनीचा वापर, राखीव नसलेलं जंगल, गावप्रमुखाची नेमणूक, लग्न, वारसा, रूढी यांवर परिषदेचा कायदा चालतो आणि तो अमलात यायला राज्यपालांची मंजुरी लागते. मेघालयातल्या खासी समाजात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. असल्या रिवाजाला दिल्लीच्या किंवा शिलाँगच्या एकसाची कायद्याने धक्का लागू नये म्हणून ही तजवीज. गावपातळीवरचे खटले चालवणारी त्यांची स्वतःची न्यायालयंही असतात. कमकुवत बाजू म्हणजे पैसा. काही कर बसवता येतात, पण बरीचशी भिस्त राज्याच्या अनुदानावर. अनुदान उशिरा आलं की कर्मचाऱ्यांचे पगार थकतात आणि मग परिषदेतले नेते राजधानीच्या वाऱ्या करू लागतात.

आपल्या दृष्टीने जास्त बोलकं उदाहरण दार्जिलिंगचं आहे. नेपाळी बोलणाऱ्या डोंगरी भागाने वेगळं गोरखालँड राज्य मागितलं. मिळाली १९८८ मध्ये एक हिल कौन्सिल, आणि २०१२ मध्ये तिच्या जागी गोरखालँड टेरिटोरियल ॲडमिनिस्ट्रेशन. ही दोन्ही मंडळं पश्चिम बंगालच्या कायद्याने झाली, घटनेने नाही. कायदे करण्याचा अधिकार नाही, फक्त अंमलबजावणीचा. २०१७ मध्ये शाळेत बांगला सक्तीची होणार या भीतीने ठिणगी पडली आणि १०४ दिवस बंद चालला. त्यानंतर मंडळाचा कारभार नेमलेल्या प्रशासकांकडे गेला, तो थेट २०२२ च्या निवडणुकीपर्यंत. राज्याच्या कायद्याने मिळालेली स्वायत्तता भाड्याच्या घरासारखी असते. राहता येतं, भिंत रंगवता येते, पण नोटीस कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

बेळगावसाठी स्वायत्त परिषद मागावी असं अधूनमधून कुणी सुचवतं. कायद्याने ती अशक्य नाही. कर्नाटक विधानसभा उद्या तसा कायदा करू शकते. पण ती दार्जिलिंगच्या जातीची होईल, मेघालयातल्या परिषदांच्या नाही. सहावी अनुसूची आपल्याला लागूच पडत नाही.

कर्नाटकातल्याच एका भागाला मात्र घटनेतून वेगळी वागणूक मिळाली आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातला पट्टा आणि बळ्ळारी, ज्याला आता कल्याण कर्नाटक म्हणतात, त्याच्यासाठी २०१२ च्या ९८ व्या दुरुस्तीने कलम ३७१-जे आलं. विकास मंडळ, निधीची तरतूद, स्थानिकांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा. सीमाभागातला बिदर जिल्हा त्यात आहे, बेळगाव नाही. हे मागासलेपणावरचं औषध आहे, स्वतः कारभार करण्याचा हक्क नाही. तरी मुळं घटनेत असल्याने ते सहज उपटता येत नाही.

दक्षिण टिरोल

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुलखाकडे येतो. आल्प्सच्या कुशीत, इटलीच्या उत्तर टोकाला दक्षिण टिरोल नावाचा प्रांत आहे. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, म्हणजे बेळगाव शहराएवढी. दोनतृतीयांशांहून जास्त लोक जर्मन बोलतात, साधारण पाव लोक इटालियन, आणि चार-पाच टक्के लाडिन नावाची छोटी जुनी भाषा.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. १९१९ च्या तहाने तो इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली, सरकारी नोकऱ्या इटालियन भाषकांना गेल्या. लोक तळघरांत, शेतघरांत चोरून शाळा भरवत; मुलं वह्या कपड्यांत लपवून नेत. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनीने मिळून लोकांपुढे पर्याय ठेवला: जर्मन राहायचं असेल तर देश सोडा, मातीत राहायचं असेल तर भाषा सोडा. बहुसंख्यांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला, सुमारे ७५ हजार प्रत्यक्ष गेले, बाकीचे युद्ध पेटल्यामुळे राहिले. घराघरांत ‘जाणारे’ आणि ‘राहणारे’ अशी फूट पडली.

१९४६ मध्ये इटलीचे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे ग्रूबर यांनी पॅरिसमध्ये करार केला. प्रदेश इटलीतच राहील, पण जर्मन भाषकांना स्वायत्तता मिळेल. १९४८ मध्ये ती दिलीही, आणि तिच्यात एक मेख मारली. दक्षिण टिरोलला शेजारच्या इटालियन भाषक त्रेंतोशी जोडून एकच मोठा प्रदेश केला. महत्त्वाचे अधिकार त्या मोठ्या प्रदेशाला, आणि त्यात बहुमत इटालियनांचं. नाव स्वायत्ततेचं, हात दुसऱ्याचा. सीमा कुठे आखली यावरच स्वायत्ततेचा अर्थ कसा फिरतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

१९५७ मध्ये युद्धात एक पाय गमावलेल्या सिल्व्हिउस मान्यागो या नेत्याने सिगमुंड्सक्रोनच्या किल्ल्यावर प्रचंड सभा घेतली. घोषणा होती ‘त्रेंतोपासून सुटका’. ऑस्ट्रियाने १९६० मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी मनोरे स्फोटांनी पाडले गेले. पुढची काही वर्षं रक्तपाताची होती. तरीही वाटाघाटी तुटल्या नाहीत. १९६९ मध्ये १३७ उपायांची एक यादी तयार झाली. जर्मन भाषकांच्या पक्षाने ती अगदी थोड्या मतांनी मान्य केली, आणि १९७२ मध्ये नवा स्वायत्तता कायदा आला. १३७ पैकी शेवटचा उपाय अमलात यायला १९९२ उजाडलं. तेव्हा ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की आमचा वाद मिटला.

ही व्यवस्था चालते कशी? शाळा, रस्ते, शेती, दवाखाने, पर्यटन हे जवळजवळ सगळं प्रांताकडे. गोळा होणाऱ्या करांपैकी सुमारे नऊ-दशांश प्रांतातच राहतो. सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात, आणि नोकरी हवी तर जर्मन व इटालियन दोन्ही भाषांची परीक्षा पास व्हावी लागते. पोस्टात, कोर्टात, पोलीस चौकीत कुणालाही आपल्या भाषेत बोलता येतं. प्रांतिक मंत्रिमंडळातही सभागृहातल्या भाषिक गटांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात, म्हणजे इटालियन अल्पसंख्याकांशिवाय सरकार बनतच नाही. स्वायत्तता कायद्याच्या अंमलबजावणीचे नियम करताना रोम आणि प्रांत यांच्या समसमान सदस्यांच्या समितीचं मत घ्यावं लागतं. आणि कुलूप? ही स्वायत्तता इटलीच्या घटनात्मक दर्जाच्या कायद्यात आहे, तिच्या पाठीशी आंतरराष्ट्रीय करार आहे. रोममधलं एखादं सरकार रागावलं म्हणून ती जात नाही.

किंमतही मोजावी लागली. जर्मन आणि इटालियन शाळा वेगवेगळ्या, इमारती वेगळ्या, कित्येकदा मैदानंही. प्रत्येक माणसाने आपला भाषिक गट जाहीर करायचा. त्यावर नोकरी, उमेदवारी अवलंबून. आई एका भाषेची आणि बाप दुसऱ्या भाषेचा असलेल्या मुलाने काय लिहायचं? अलेक्झांडर लांगर या हरित पक्षाच्या नेत्याने १९८१ मध्ये हे जाहीर करायला नकार दिला, आणि १९९५ मध्ये त्यांना प्रांताची राजधानी बोल्झानोच्या महापौरपदाची निवडणूक लढवू दिली गेली नाही. शहापूर-वडगावात कन्नड आई आणि मराठी वडील असलेली घरं किती आहेत हे आठवून पाहा, म्हणजे लांगर यांचा हट्ट पोकळ नव्हता हे पटेल. माझ्या मते शाळांची ती ताटातूट बेळगावला परवडणारी नाही. नोकरीत दोन्ही भाषांची अट मात्र शिकण्यासारखी आहे.

आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. तिथे वाद दोन देशांचा होता; इथे दोन्ही बाजूंना भारतच आहे, कोगनोळीला पासपोर्ट लागत नाही. खरं तर त्यामुळे आपलं काम सोपं असायला हवं होतं.

स्पेन आणि बेटांवरचे स्वीडिश

स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीनंतर १९७८ ची घटना आली. देश अविभाज्य, पण प्रदेशांना स्वायत्ततेचा हक्क. आज तिथे १७ स्वायत्त प्रदेश आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची दोन स्वायत्त शहरं आहेत. सगळ्यांचं ताट सारखं नाही. बास्क आणि नवारा स्वतःच कर गोळा करतात आणि केंद्राच्या सामाईक खर्चाचा ठरलेला वाटा माद्रिदला देतात. कॅटलोनियाला ही सोय नाही. तिथे बराचसा पैसा आधी केंद्राकडे जातो आणि मग परत येतो. श्रीमंत प्रदेशाच्या मनातली ही सल भाषेच्या अभिमानात मिसळली. २००६ चा सुधारित स्वायत्तता कायदा घटनात्मक न्यायालयाने २०१० मध्ये बराच छाटला. १ ऑक्टोबर २०१७ ला न्यायालयाची मनाई असतानाही सार्वमत झालं, महिनाअखेरीस स्वातंत्र्याची घोषणा झाली, आणि त्याच दिवशी सिनेटने कलम १५५ वापरायला मंजुरी दिली. प्रादेशिक सरकार गेलं, काही महिने माद्रिदने थेट कारभार केला. स्वायत्तता आणि फुटून निघणं यांच्यामध्ये घटनेने रेघ मारलेली असते, आणि ती ओलांडली की आहे ते सरकारही हातचं जाऊ शकतं.

कॅटलोनियाच्याच पोटात आरान नावाची एक दरी आहे. लोक दहा हजारांच्या आसपास. भाषा कॅटलन नाही, ऑक्सिटनची एक बोली. माद्रिदकडे आपल्या भाषेसाठी भांडणाऱ्या कॅटलोनियाने १९९० मध्ये या दरीला तिचं स्वतःचं मंडळ दिलं, आणि २००६ मध्ये तिची भाषा संपूर्ण कॅटलोनियात अधिकृत केली. मला हे फार मोलाचं वाटतं. भाषेच्या नावावर सत्ता मिळवलेल्या प्रदेशाची परीक्षा त्याच्या आतल्या छोट्या भाषेपाशी होते. कर्नाटक भाषेवर उभं राहिलं, महाराष्ट्रही. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा कर्नाटकात झाला, मराठी पाट्यांची सक्ती महाराष्ट्रात झाली. बेळगाव-खानापूरचा मराठी माणूस आणि जत-अक्कलकोटचा कन्नड माणूस एकाच पंक्तीत बसलेले आहेत.

फिनलंडजवळच्या ओलांद बेटांवर साधारण तीस हजार लोक राहतात, स्वीडिश बोलणारे. त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. राष्ट्रसंघाने १९२१ मध्ये ठरवलं: बेटं फिनलंडची, पण भाषा आणि जमीन बेटकऱ्यांची. तिथे जमीन घ्यायला आणि बेटांच्या निवडणुकीत मत द्यायला ‘स्थानिक नागरिकत्व’ लागतं. शाळा स्वीडिश. त्यांचं ३० सदस्यांचं सभागृह आहे, आणि स्वायत्ततेच्या कायद्याला हात लावायचा तर त्या सभागृहाची संमती लागते. जगात इतकं घट्ट कुलूप क्वचितच सापडतं. पण हा मार्ग समुद्राने वेगळ्या केलेल्या, एकभाषिक बेटांना जमतो. आपल्याकडे एकाच गल्लीत तीन भाषा राहतात. रेघ मारणार कुठे?

मग आपल्यासाठी काय?

रेघ न मारताही भाषेला संरक्षण देता येतं, आणि भारताच्या घटनेत त्याची सुरुवात करून ठेवलेली आहे. ज्या १९५६ साली इथली हद्द बदलली त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमं आली. ३५०-अ म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला गेला. त्याचा अहवाल संसदेपुढे जातो. केंद्राने त्या वर्षी राज्यांना काही मोजमापंही कळवली. तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ ते २० टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या नोटिसा आणि नियम त्या भाषेतही छापावेत. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हा निकष त्याआधीचा, १९४९ चा. बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे साधारण १८ टक्के आहेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत प्रमाण याहून पुष्कळ जास्त.

अडचण अशी की ही मोजमापं सूचना आहेत, कायदा नव्हे. ‘प्रयत्न करावा’ या शब्दांवर कुणाची नोकरी जात नाही. विशेष अधिकारी शिफारस करू शकतो, आदेश देऊ शकत नाही.

म्हणून नव्या परिषदेपेक्षा दोन साध्या गोष्टी मला जास्त मोलाच्या वाटतात. जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका वेळेवर, कारण निवडलेलं सभागृह नसेल तर भाषा कुठलीही असो, बोलायचं कुठे? आणि भाषेच्या मोजमापांना कायद्याचं बळ. फिनलंडच्या मुख्य भूमीवर हेच केलंय. एखाद्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३,००० असले की ती नगरपालिका द्विभाषिक ठरते. मग नोटिसा, पाट्या, कचेरीतली उत्तरं दोन्ही भाषांत, हे तिचं कायदेशीर कर्तव्य. दर दहा वर्षांनी आकडे पाहून सरकार यादी नव्याने ठरवतं. संख्या घटली तरी दर्जा लगेच काढत नाहीत. लोक ३,००० च्या खाली येऊन प्रमाण ६ टक्क्यांच्याही खाली गेलं तरच. हे मोजमाप खानापूरला लावलं, निपाणीला लावलं, बेळगाव शहराला लावलं, तर मोर्च्याची वेळच येणार नाही. जनगणनेचा तक्ता पुरे. आणि तेच सीमेपलीकडे लावलं तर जत आणि अक्कलकोटच्या तहसील कचेरीत कन्नड नोटीस चिकटवावी लागेल, तीही तितक्याच हक्काने.